लमझन्याची चूल

मी घर सोडलं त्या दिवशी कोणीच रडलं नाही. पोरगी सासरी निघते तेव्हा सारं गाव वेशीपर्यंत येतं, बाया गळ्यात गळा घालतात, म्हातारे तोंड फिरवून डोळे पुसतात. मी पडलो पोरगा. मी सासरी निघालो तेव्हा माझ्याच वयाचे पोट्टे खिदळत मागं आले आणि एकानं तर मला पदर घ्यायला सांगितलं. माझ्या खांद्यावर कुऱ्हाड, काखेत चादरीचं गाठोडं. मी वळून त्याला अशी शिवी दिली की वेशीवरचं कुत्रंही बाजूला झालं.

आई दारातच थांबली होती. ती म्हणाली, "वावरात मर मर कर बाबू, पन त्याइच्या चुलीले हात नको लावजो. चूल फुकली तर पोरगी नाई भेटाची." बाप मात्र बोडीपर्यंत सोबत आला. बोडी म्हणजे आमचं गावतळं. तिच्या खालच्या अंगाला आमची धानाची बांधी आहे, पाणी कधी न आटणारी. बापानं काठीनं तिचा धुरा, म्हणजे हद्दीचा बांध, दाखवला. "तीन रोवने कर त्याइच्याकडं. मंग पोरगी घेऊन वापस ये. हे बांधी तुयी." रोवणा म्हणजे धानाची लावणी, तीन रोवणे म्हणजे तीन वर्षं. एवढं बोलून तो मागं फिरला. तो कधी जास्त बोलत नाही.

शहरातल्यांना हे समजावून सांगावं लागतं, म्हणून सांगतो. आम्ही गडचिरोलीतल्या कुरखेड्याच्या पलीकडचे गोंड. आमच्यात पोरीचा बाप हुंडा देत नाही. पोराकडचे पोरीच्या घरी देज देतात. घरातून एक काम करणारी बाई कमी होते ना, तिची भरपाई. आणि ज्याच्याकडं द्यायला काही नाही तो स्वतः पोरीच्या घरी राहून राबतो, ठरलेली वर्षं भरली की लग्न. अशा राबणाऱ्याला लमझना म्हणतात. दादाच्या लग्नात आमची बैलजोडी गेली होती. माझ्या वेळी घरात देण्यासारखा मीच उरलो होतो.

आता मी राहतो त्या ऊर्जानगरात, चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या कॉलनीत, पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा एक साहेब तोंडाला रुमाल लावून हसले. "म्हणजे तुम्ही वेठबिगार होतात?" मी म्हटलं, साहेब, तुमच्या पोरीच्या लग्नात जावयाला गाडी दिली ती कशाची भरपाई होती? पोरगीही द्यायची आणि वरून गाडीही द्यायची, आणि मागासलेले कोण, तर आम्ही! साहेबांनी चहा अर्धाच टाकला. तरी मी आमचं सगळंच सोन्याचं आहे असं म्हणणार नाही. देज दिली म्हणून सुनेला विकत घेतल्यासारखं राबवणारी घरं आमच्यातही आहेत, खोटं कशाला बोलू.

ज्या पोरीसाठी मी राबायला गेलो ती वनिता. तिच्या घरी मी पडवीत झोपायचो. तिच्या वडिलांना मी मामाजी म्हणायचो, आईला आत्याबाई. त्यांना पोरगा नव्हता. मी जाईपर्यंत वनिताच ढोरं बघायची, मोहफुलं वेचायची, रोवण्यात सगळ्या बायांच्या पुढं असायची आणि यातून वेळ मिळाला तर शाळेत जायची. मी पहिला नांगर धरला त्या आठवड्यात मामाजी जेवताना म्हणाले, "आता घरात हात आला. पोट्टीले शिकू द्या." बस, एवढंच. दुसऱ्या महिन्यात वनिता सायकलवर कुरखेड्याला आयटीआयत जायला लागली, इलेक्ट्रिशियनच्या ट्रेडला. मी चिखलात आणि ती वायरीत. संध्याकाळी ती पडवीच्या खांबाला टेकून बसायची आणि मला स्टार्टर म्हणजे काय ते सांगायची. मला ओ की ठो कळायचं नाही. पण सांगताना तिचे हात जसे हलायचे, ते बघायला मी दिवसभर थांबायचो.

दुसऱ्या रोवण्यात घोळ झाला. मामाजी आणि आत्याबाई दोघंही हिवतापानं पडले. वनिताची परीक्षा, ती कुरखेड्यात मैत्रिणीकडं राहिली होती. गावात ज्याचा त्याचा रोवणा पेटलेला, कोणाला बघायला फुरसत नाही. दोन माणसं थरथरत पडलेली आणि घरात पेजेचा घोट नाही. मी किती वेळ चुलीसमोर नुसता उभा राहिलो. आईचं बोलणं कानात होतंच. मग आत्याबाई तापात "पानी, पानी" म्हणाल्या आणि मी फुंकणी उचलली.

धूर निघाला आणि गावाला दिसला. आमच्यात लग्नाआधी लमझन्यानं चूल फुंकणं म्हणजे साधी गोष्ट नाही. वावर बाहेरचं असतं, चूल घराची असते. लग्नाआधी तिला हात लावणं म्हणजे मालकाच्या आधी घर गिळायला बसणं. तिसऱ्या दिवशी पंच जमले. एक जण म्हणाला, "याची दोन वर्साची सेवा गेली. पाठवा वापस." मी खाली मान घालून बसलो होतो आणि मनातल्या मनात वनिता गेली असं म्हणत होतो. खरं सांगतो, वाघ समोर आला तरी मी एवढा भ्यालो नसतो.

तेवढ्यात मामाजी घोंगडं पांघरून, भिंतीला धरत बाहेर आले. "तापात मले पेज कोनं पाजली? यानं पाजली. तुमच्यातला कोनी आलता काय?" पंच जमिनीकडं बघायला लागले. "मंग? एक कोंबडा दंड घ्या अन् जा आपापल्या घरी." कोंबडा त्यांनी स्वतःच्याच खुराड्यातला दिला. वनिता परत आली तेव्हा तिला सगळं कळलेलं होतं. ती मला म्हणाली, "पेजीत मीठ टाकलं होतं काय?" मी विसरलो होतो. ती जी हसली, बाप्पा!

तिसरा रोवणा झाला, लग्न झालं. ठरल्याप्रमाणं मी तिला घेऊन घरी जायचं होतं, बोडीखालच्या बांधीवर. पण वनिता तोवर चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रात अप्रेंटिस लागली, आणि मग परीक्षा देऊन भरती झाली. बापाला मी निरोप धाडला की येतो, जरा थांबा. आम्ही दोघं एसटीच्या टपावर पलंग, आत दोन पिशव्या आणि मांडीवर कोंबडी घेऊन चंद्रपूरला निघालो. या वेळी पोट्टे हसायला नव्हते. या वेळी मीच हसत होतो.

ऊर्जानगरचं क्वार्टर तिच्या नावावर मिळालं. क्लार्कनं मला विचारलं, "तुम्ही कोण?" मी म्हटलं, नवरा. तो म्हणाला, "ते झालं हो, पण कर्मचारी कोण?" मी वनिताकडं बोट दाखवलं. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्याच्या आयुष्यात अवलंबित म्हणून बायकोच येत आली होती, तिथं आता मिशीवाला आला.

पहिले काही महिने मी सुटा मजूर म्हणून कामाला जायचो. मग मैना झाली. वनिताला बाळंतपणाची पगारी रजा मिळाली, चांगली सहा महिने. सरकारनं बाईसाठी ही एक गोष्ट बरी केली. पण त्या रजेत सगळ्यांनी असं धरूनच ठेवलेलं की पुढचं बाईच बघून घेईल. रजा संपत आली तशी तिच्या साहेबांनी दया दाखवली. म्हणाले, शिफ्ट सोडा, तुम्हाला ऑफिसात जनरल ड्युटी देतो, कागद सांभाळा, पाचला घरी. ती घरी येऊन बसली, मैनाला दूध पाजलं आणि म्हणाली, "मी मोटर उघडाले शिकली. कागद चाळाले नाई शिकली." आणि रडायला लागली. वनिता रडत नाही हो. तापलेल्या पॅनलसमोर घामानं भिजून उभी राहणारी बाई ती.

त्याच आठवड्यात दादाचा फोन आला. दादा सूरजागडच्या खाणीकडं मोठ्या गाडीवर ड्रायव्हर आहे. म्हणाला, "इथी जागा निघून राह्यली. आधी हेल्पर, मंग गाडी हातात. बायकोच्या पदराखाली कितीक दिवस राह्यतं बे?" दादाचं माझ्यावर प्रेम आहे, म्हणून तो असा बोलतो. मी स्पीकर चालू ठेवला होता. वनितानं सगळं ऐकलं.

आम्ही दोघं ओट्याजवळ बसलो. मी गेलो तर दोन पगार येतील, पण मैनाला बघायला बाई ठेवावी लागेल, आणि रात्रपाळीला तान्ह्या पोरीजवळ परकी बाई झोपणार नाही, म्हणजे वनिताला ती ऑफिसची खुर्ची घ्यावीच लागेल. चार वर्षं खुर्चीवर बसलेल्या इलेक्ट्रिशियनला मग कोणी पॅनलजवळ उभं करत नाही. माझं जे काम होतं ते मी मैना मोठी झाल्यावरही करू शकत होतो. तिचं काम थांबलं की गेलं. एवढं सरळ होतं ते. पैशाचा हिशोब कुठंतरी थोडा इकडं, थोडा तिकडं बसला असता, पण तिचे ते हात बसले असते ना घरी! त्या हातांसाठी मी तीन रोवणे केले होते.

मी म्हटलं, "तू शिफ्टले जाय. घर मी पाहातो."

ती म्हणाली, "लोक हासतीन."

"माह्यावर लोक वेशीपासून हासून राह्यले. सवय हाय."

तेव्हापासून घर माझं. गॅस, कुकर, धुणं, मैनाची लस, दवाखान्याची रांग, सगळं. इथं दोरीवर कपडे वाळत घातले की संध्याकाळी त्यावर बारीक राख बसते, म्हणून मी दुपारीच काढून घेतो. संध्याकाळी कचरा टाकायला जाताना बॅटरी घेतो, कारण बिबट्या कॉलनीतून जातो, त्याला गेटपास लागत नाही. आधी माझी पोळी म्हणजे नकाशा असायची. शेजारच्या रुखसानाभाभींनी एक दिवस भिंतीपलीकडून आवाज दिला, "भाईजान, आपकी दाल रोज जलती है, हमको नींद नहीं आती!" आणि मला फोडणी शिकवली. त्यांचे मिस्टर चंद्रपुरात मोटर वाइंडिंग करतात. ते वनितासोबत गेटवर उभं राहून कॉइलवर गप्पा मारतात, आणि मी आणि भाभी भिंतीवरून मिरच्यांच्या भावावर. ज्याला हसायचं त्यानं हसावं.

हसणारेही कमी नाहीत. बसस्टॉपवर एक जण रोज विचारायचा, "काय भाऊ, काय करून राह्यले सध्या?" मी सांगायचो, घर. तो म्हणायचा, ते ठीक आहे, पण काम? एक दिवस मी त्याला म्हटलं, या दोन दिवस माझ्याकडं, पोरगी, कपडे, भांडी, दूध, दवाखाना सांभाळा, मग सांगा हे काम आहे की सुट्टी. तेव्हापासून तो दुसऱ्या बसनं जातो.

पण या सगळ्यांचं काय मोठं! खरं दुखणं गावाकडं होतं. माघात आमच्या देवाची जत्रा असते. सारे भाऊबंद जमतात. मी मैनाला कडेवर घेऊन गेलो. वनिताला सुट्टी मिळाली नव्हती. मांडवात चुलतकाका सगळ्यांदेखत ओरडले, "अरे, हा लमझना अजून सुटला नाई काय?" सारा मांडव हसला. दादाही हसला. बाप हसला नाही. तो म्हणाला, "आता बस झालं. सुनेले घेऊन ये. धान रोवाले हात नाई घरात. नाई येत असशीन तर बांधी दादाची, तो सुट्टी काढून रोवाले येते तरी."

त्या बांधीत मी रोवायला शिकलो होतो. तिथल्या चिखलात माझ्या पायाचा ठसा कसा उमटतो ते मला डोळे मिटून सांगता येतं. कर्मचाऱ्याचा नवरा म्हणून मला जगात कुठं मातीचा तुकडा मिळणार नाही, तो एकच माझा होता. मैना माझ्या मिशा ओढत होती. मी उभा राहिलो.

"बाबा, मी कुऱ्हाड घेऊन गेलो तवा कोनी इचारलं नाई का याले जायचं हाय काय. मी गेलो. मी राबलो म्हनून वनिता शिकली. आता वनिता काम सोडून इथी रोवाले येईन, तं माहे तीन वर्सं कायच्यासाठी गेले? तुमाले हात पाहिजे, मले तिचे हात पाहिजे. देऊन टाका बांधी दादाले."

"अन् तू काय करशीन?"

"मी स्वयंपाक करीन."

काकांना विडी पेटवता येईना. आईनं पदर तोंडाला लावला, हसायला की रडायला ते मला आजही ठाऊक नाही. बाप उठून बोडीच्या बाजूला निघून गेला. मी जेवलो नाही. पहिल्या गाडीनं निघालो. गडचिरोली येईपर्यंत मैनाच्या टोपरात तोंड घालून रडलो, मोकळेपणानं, ढसाढसा. शेजारच्या सीटवरच्या म्हातारीनं विचारलं, "बायको मेली काय रे?" मी म्हटलं, नाही मावशी, ती ड्युटीवर आहे.

बांधी दादाची झाली. हे लिहितोय तेव्हाही दादाचीच आहे. मला ती परत नको, आणि गावात मागं राहिलेले तुम्ही जे म्हणता की त्यानं बायकोपायी बापाचं वावर लाथाडलं, ते खरंच आहे. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा तेच करीन. दादानं नोकरीसाठी गाव सोडलं तर तो कर्ता झाला. मी बायकोच्या नोकरीसाठी सोडलं तर बाईल्या झालो. दोघांनी सोडलं गावच, दोघांच्या बायका-पोरांचं पोट भरतंय, मग नावं दोन कशी? आणि तुम्ही बाहेर पडलेले पोट्टे, पुण्याला, हैदराबादला, मला चोरून फोन करून विचारता की डाळीला फोडणी आधी का नंतर. अरे, बायकोसमोर विचारा ना! लाज कशाची वाटते, खायला तर वाटत नाही.

यंदा दसऱ्यानंतर एक दिवस दुपारी दार वाजलं. बाहेर आई. एकटी. कुरखेड्याहून गडचिरोली, गडचिरोलीहून चंद्रपूर, आणि मग कोणाकोणाला विचारत ऊर्जानगर. लग्नानंतर ती पहिल्यांदा आमच्या घरी आली होती. मी पीठ मळत होतो, हात भरलेले. तिनं माझे हात बघितले, ओटा बघितला, कुकर बघितला, पलंगावर झोपलेली मैना बघितली. पंख्याखाली बसून पाणी प्यायली. मी वाट बघत होतो, आता बोलेल, आता बोलेल.

तिनं पिशवीतून फडक्यात बांधलेली पुरचुंडी काढली. वर पळसाची पानं. मी वासावरूनच ओळखलं. नवा. नवीन धानाचा पहिला तांदूळ. आमच्या घरची रीत अशी की नवा आधी देवाला, पितरांना, मग घरच्यांना. तो घरच्याच चुलीवर शिजतो आणि घरची बाईच शिजवते. देवापुढं ठेवण्याआधी तो उंबऱ्याबाहेर जात नाही. माझ्या आठवणीत तो कधी वेशीबाहेर गेला नव्हता.

मी विचारलं, "हा कोनच्या बांधीचा?"

"बोडीखालच्या."

मी वाकून पुन्हा एकदा वास घेतला. मग ती म्हणाली, "तुया बापानं बांधून देल्ला. यंदा निम्मा तिथी, निम्मा इथी म्हने. मी म्हनलं, रांधावं कोनं? तं म्हने, तिथी जो रांधते त्याच्या हाती देजो." आणि तिनं ती पुरचुंडी माझ्या पिठाच्या हातांवर ठेवली.

ती माझी आई, जिनं दारात उभं राहून मला चुलीपासून दूर राहायला सांगितलं होतं, ती पंख्याखाली पाय पसरून बसली आणि मी तिच्या घरचा नवा गॅसवर चढवला. तिनं मैनाला उठवून मांडीवर घेतलं आणि ओट्याकडं बघत सूचना देत राहिली, पाणी जास्त झालं, आच कमी कर, झाकण कशाला ठेवतोस. वनिता पहिल्या पाळीहून आली, दारातच थबकली, पाया पडली आणि ग्रीसचे हात धुवायला मोरीत गेली. मी पळसाच्या पानावर पहिला घास देवाला ठेवला, दुसरा पितरांना. गॅसच्या शेगडीपुढं ठेवला. देवाला पत्ता सापडला असेल, एसटीनं नसेल आला तो.

घर कुठं, असं मला आता कोणी विचारलं तर मी क्वार्टर नंबर सांगतो. क्वार्टर कंपनीचं आहे, वनिता रिटायर झाली की सोडावं लागेल, ते मला माहीत आहे. तेव्हा जिथं जाऊ तिथं मी शेगडी मांडीन आणि ते घर. गावाला जायचं तेव्हा जाईन, मांडवात बसेन, काकांनी पुन्हा तेच विचारलं तर सांगेन की नाही सुटलो, आणि सुटायचंही नाही.

त्या दिवशी चौघं खाली बसून जेवलो. आईनं पहिला घास तोंडात घातला, सावकाश चावला. आम्ही दोघं तिच्याकडं बघत होतो.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली.

वनिता फिस्सकन हसली. मी डबा आईपुढं सरकवला आणि म्हटलं, "घे अन् खाय. चूल माही हाय."

तिनं चिमूटभर घेतलं, भातावर भुरभुरलं आणि ताट पुढं केलं, "टाक अजून."